खुंटीवरचा चामडी कोट

आमच्या माजघरात खुंटीला एक चामडी कोट टांगलेला आहे. दर शिमग्याच्या आधी मी तो खाली काढतो, खोबरेल चोळतो, सावलीत वाळवतो आणि परत टांगतो. कोट माझा नाही, धाकट्या भावाचा, हिरामणचा. तो आता घालत नाही. का, ते मीच सांगतो. दुसरा कोणी सांगेल तर मला सांभाळून घेईल, आणि ते मला नको आहे.

छप्पन सालचा शिमगा. हिरामण तेव्हा मुंबईला गॅरेजात होता. लष्कराच्या भंगारातली एक फटफटी त्याने सुट्टीच्या दिवशी खपून खपून उभी केली होती. तिच्यावर बसून बुवा थेट बोर्लीच्या पुढे, आमच्या वाडीत हजर! अंगात जाड चामडी कोट, हातांत तसलेच मोजे, पायात घोट्याच्या वर चढणारे बूट. अख्खी वाडी गोळा झाली. बायजाआत्याने कोट चाचपला.

"एवढ्या उकाड्यात ह्ये? येडा झालास व्हय रं?"

हिरामणने तिला उजवं कोपर दाखवलं. तिथलं चामडं पार खरवडलेलं होतं. "पेणजवळ घसरलो, आत्ये. माझं सोलायचं ते कोटाचं सोललं."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी धर्माजी, गावचा मानकरी. शिमग्यात लोक माझ्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी सगळे त्याच्या कोटाकडे बघत होते. आता लपवून काय करू? माझा जळफळाट झाला.

तसा तो आला म्हणून मी खूशही होतो. पालखीपुढे ढोल वाजवावा तर हिरामणनेच. त्याच्या उजव्या हातातली काठी पडायला लागली की खांदेकऱ्यांचे पाय आपोआप उचलायचे. ढोलासाठीच तर तो दरवर्षी रजा काढून यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनच्या सोनाराकडून देवाची रूपं आणायची होती. रूपं म्हणजे पालखीत बसवायचे चांदीचे मुखवटे, उजळायला दिलेले. एरवी दोघं जण चालत जात. हिरामण म्हणाला, "मी आणतो की. जेवायच्या आत परत." सगळ्यांना पटलं. तो कोट चढवायला लागला आणि मी चारचौघांत ओरडलो, "चामडं घालून रूपांना हात लावायचा न्हाय!"

"दादा, उतारावर नवी खडी टाकलीय. बूट तरी ऱ्हाऊ दे."

"देवापेक्षा तुझं कातडं मोठं झालं काय रं?"

मोठ्या भावाला उलटून बोलायची आमच्यात रीत नव्हती. कोट, मोजे, बूट सगळं काढून त्याने बायकोच्या, राहीच्या हातात दिलं. साधा सदरा, लेंगा, पाय अनवाणी. किक मारताना तळव्याला कळ लागली असणार, त्याचं तोंड वाकडं झालेलं मी बघितलं. बघून मला बरं वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं.

जेवणं उरकली तरी फटफटीचा आवाज येईना. मग वाडीतला नामा बैलगाडी घेऊन आला आणि गाडीत हिरामण. उतारावरच्या वळणावर खडीवरून घसरला होता. रूपं उपरण्यात गुंडाळून छातीशी बांधलेली. पडताना त्याने डावा हात त्यांच्यावर धरला आणि उजव्या हातावर फरफटत गेला. तळव्यापासून कोपरापर्यंत कातडं म्हणून उरलं नव्हतं. मांसात लाल खडी रुतून बसली होती.

मी धावत गेलो, आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द काय निघावा?

"रूपं कुठं हायत?"

"हायत, दादा," हिरामण म्हणाला. "एक ओरखडा न्हाय."

राहीने माझ्यासमोर कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

नामा आणि राही त्याला त्याच गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेले. मी गेलो नाही. मला पालखी सजवायची होती.

जखम भरायला पावसाळा उजाडला. कोपर सरळ होईना, बोटं मिटेनात. पाना धरता येईना तर गॅरेजवाला कशाला ठेवील? फटफटी विकली. कोट विकायला काढला तेव्हा मीच म्हटलं, राहू दे घरात.

पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या दारात आली. ढोल नामाच्या गळ्यात होता. हिरामण ओट्यावर बसला होता, वाकडा हात मांडीवर, आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. तो उठला, पालखीच्या पाया पडला. मग नामाजवळ जाऊन त्याने तो वाकडा हात ढोलावर ठेवला. नामा थांबला. हिरामण माझ्याकडे वळला.

"दादा, ह्ये कसलं हाय?"

"बकऱ्याचं," मी म्हटलं. "बकऱ्याचं कातडं."

"मंग ह्ये कसं चालतं देवापुढं?"

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी सोसला असता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गावात कुठली रीत कशी, ते लोक मला विचारायला येतात. मी देवापुढे वाढवायचा नारळ हातात नुसता फिरवत राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते.

हिरामणनेच मला सोडवलं. ढोलावरचा हात काढून तो म्हणाला, "वाजव, नामा. देव खोळंबलाय."

ढोल सुरू झाला. मी मानकरी, नारळ माझ्या हातात. तो तसाच ओट्यावर ठेवून मी माजघरात गेलो, खुंटीवरचा कोट खाली ओढला आणि त्यात तोंड खुपसून रडलो.