सागाच्या रसातला फोटो

कळंबच्या कुंदाताईंना नाद लागला तो एका डागामुळं. सागाचं कोवळं पान सहज चुरगाळलं, तर लाल रस पांढऱ्या रुमालाला लागला. धुऊन काही निघेना. रुमाल गच्चीवरच्या तारेला चार दिवस तसाच राहिला आणि काढायला गेल्या तर डाग उन्हानं पार उडालेला. लाल राहिला होता फक्त चिमट्याखाली, अगदी चिमट्याच्या आकाराचा! तीस वर्षं तहसील कचेरीत फायली उपसून निवृत्त झालेल्या कुंदाताई गच्चीवर एकट्याच हसत सुटल्या.

मग सुरू झालं. कागदाला सागाचा रस फासायचा, वर कढीपत्त्याची डहाळी, त्यावर काच, आणि चार दिवस ऊन. काच उचलली की फिक्या कागदावर लालबुंद डहाळी!

ती घेऊन त्या शेजारच्या जहीरच्या फोटो स्टुडिओत गेल्या.

"पाह्य जहीर. कॅमेरा नाही, मशीन नाही."

"ताई, ऊन तं नाही लागलं तुम्हाले?"

"मले नाही, कागदाले लागलं!"

जहीरनं कागद उलटसुलट पाहिला. "पानाचा होते, तं माणसाचा काहून नाही होणार?"

"माणसाले चार दिवस काचेखाली झोपवू का?"

जहीरनं तोड काढली. आपल्या आईचा, बिस्मिल्लाबीचा चेहरा त्यानं पारदर्शक प्लॅस्टिकवर काळ्या शाईत छापला. प्लॅस्टिक लाल कागदावर, वर काच. चेहऱ्याला सहा दिवस द्यायचे ठरले.

बिस्मिल्लाबीला कुठला धीर! रोज जिना चढून हजर. "निघाला का मा फोटू?"

"थांबा ना चाची, शिजून राह्यला!"

सहाव्या दिवशी जहीर भरदुपारी दुकान बंद करून आईसोबत गच्चीवर आला. कुंदाताईंनी काच उचलली. कागदावर बिस्मिल्लाबी होती, पण चार डोळ्यांची. एक चेहरा गडद, दुसरा फिका, बोटभर सरकलेला.

जहीर आईकडं वळला. "अम्मी, काच कोणं उचलली?"

"परवा... जराशी," बिस्मिल्लाबी पुटपुटली. मग कागदावर वाकली आणि एकदम ओरडली, "अरे, मी तं मान हलवून राह्यली! तुह्या दुकानातल्या फोटूत कशी लाकडासारखी बसली असतो!"

कुंदाताईंनी पुन्हा पाहिलं. खरंच, मान हलत होती! "जहीर, समजलं का? सरकवलं की हालते! आता रोज थोडं थोडं सरकवू. चाचीले हसवू!"

"पहिले नवा छापतो," म्हणत जहीर दोन दोन पायऱ्या उतरत सुटला. कुंदाताई पिशवी घेऊन सागाच्या पाल्याला निघाल्याही.

तो चार डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावता येत नाही, उजेडात उडेल. म्हणून बिस्मिल्लाबी तो कपाटात साड्यांखाली ठेवते. पाहुणं आलं की क्षणभर बाहेर काढते आणि "बस, पाह्यलं ना!" म्हणत लगेच आत सारते.