एकाच नावाची दोन यंत्रं

मी पॅराग्वेतल्या आसुन्सिओन शहराच्या ध्वनिसंग्रहालयातला एक जुना संगणक आहे. कीबोर्डवरची अक्षरं झिजली, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. तीच मला नकोशी झाली आहे.

मित्रांनो, माझा जन्म नकलेतून झाला. तंत्रज्ञ ब्राउलिओने एक संगणक तयार केला आणि त्याची हुबेहूब नक्कल माझ्यात आणि शेजारच्या यंत्रात उतरवली. कंटाळा केला आणि नावही तेच ठेवलं. आमच्या फायली आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडे असत. मी फाईल उघडली की तो माझ्या नावाने तिला कुलूप घाली, म्हणजे दुसऱ्या कुणी तीत हात घालू नये.

माझ्यावर दोन्या एलादिआ, म्हणजे एलादिआबाई, काम करायची. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकून ती त्या तिथल्या ग्वारानी भाषेत लिहून काढायची. ते तपासणारी निमिआ उशिरा यायची. तिने शेजारचं यंत्र सुरू केलं की ते माझंच नाव सांगे. सर्व्हरला वाटे, मीच बंद पडून पुन्हा उठलो. तो माझं कुलूप काढून टाकी. निमिआ तीच फाईल उघडे, दोघींचं लिखाण एकमेकांवर चढे आणि दोन्याची मेहनत मातीत जाई.

"दोन्या, डोळे गेलेत की डोकं?" संचालक त्रोचे सगळ्यांदेखत म्हणाले.

"मी काही पुसलं नाही, साहेब."

"मग काय यंत्राने पुसलं?" निमिआ हसली.

हो, आम्हीच पुसलं होतं. पण मला बोलता येत नव्हतं. त्या दिवसापासून तेरेरेचा, म्हणजे इथल्या थंडगार चहाचा, एकच पेला सगळ्यांत फिरताना निमिआ दोन्याला वगळून पुढच्याला द्यायची. दोन्या पुढे केलेला हात मागे घ्यायची. शेवटी त्रोचेंनी तिला कामावरून काढलं.

ती गेली, माझ्यावर बदली माणसं बसू लागली, तरी पानं बिघडतच राहिली. तेव्हा कुठे ब्राउलिओचं डोकं चाललं. त्याने एक छोटा प्रोग्राम घातला. यंत्राने सुरू होताच पाहायचं, आपल्याला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे का. नसेल तर कुणाचाच नसेल असा आपणच तयार करायचा आणि वीज गेली तरी तोच जपायचा आणि सर्व्हरला नावासोबत सांगायचा. सगळं सुरळीत झालं.

"दोन्याला परत बोलवायचं का?" ब्राउलिओने विचारलं.

"बोलव की. चूक तुझी होती, हेही तूच सांग तिला," त्रोचे म्हणाले.

ब्राउलिओने पुन्हा तो विषय काढला नाही.

आता माझ्यासमोर नवी मुलगी बसते. निमिआने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे एक बाई होती. दुसऱ्यांचं लिहिलेलं पुसून ठेवायची. तू नीट काम कर हं."

मित्रांनो, यंत्र कामाला लावण्याआधी त्याला त्याची स्वतःची ओळख द्या. चूक आमची असली तरी घरी माणसाला पाठवतात. आमची मात्र रोज धूळ पुसतात.