वरवंटा झोपला आहे

बैल निवडावा तर अल्लीपूरच्या अण्णाजीनं, असं आमच्याकडं अजूनही म्हणतात. अण्णाजी म्हणजे माहे बाबा. ते बैलाचं तोंड उघडून दात पाह्यते, पाठीवर थाप मारते, खुराखालची माती काढून वास घेते, मग चालवून पाह्यते. आता घरी बैल राह्यले नाईत, ट्रॅक्टर आहे, पण बाबाची सवय काही गेली नाई. कूलर घेतला तेव्हा त्याच्याही पाठीवर थाप मारली. अशा माणसाले माह्या लेकरासाठी पाळणा निवडाले पाठवलं तर काय होईन, हे मले समजाले पायजे होतं. पण मी बाळंतीण, अन् बाळंतिणीले कोण विचारते?

मले एकच गोष्ट पायजे होती. लेकरू माह्या हाताजवळ. जन्मल्या जन्मल्या त्याले सावंगीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीले गोल भोक, त्यातून हात घालाचा, तोही धुऊन, तोही सिस्टर हव म्हणन तेव्हा. त्याची एवढीशी छाती वरखाली होते का नाई, तेवढंच मी पाहत बसो. पेटीतून निघून माह्या माहेरी आला, तरी माहा जीव त्या पेटीतच अटकून होता. हात लावून पाह्यल्याबिगर मले डोळा लागेना.

डॉक्टरीणबाईनं सुट्टी देताना समजावून सांगतलं. लेकरू आईच्या खोलीत, आईच्या जवळ, पण आईच्या पलंगावर नाई. त्याची जागा वेगळी. गादी सपाट अन् कडक, उशी नाई, गोधड्यायचा ढीग नाई, पाठीवर झोपवाचं. ऋतिकनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, मोबाईलवर तसा पाळणा शोधून काढला. पलंगाले खेटून बसते, पट्ट्यायनं बांधता येते, पलंगाकडची बाजू खाली पडते. झोपल्या झोपल्या हात टाकला का लेकरू. तो फोटो मी इतक्या वेळा पाह्यला का ऋतिक म्हणे, आता मोबाईल झिजन.

"फोटो पाहून जनावर घेते का कोणी?" बाबा म्हणाले, अन् जावयाले घेऊन वर्ध्याले निघाले. काखेत एक जड पिशवी होती. डबा असन, असं आम्हाले वाटलं.

दुकानातलं सगळं मले ऋतिकनं नंतर सांगतलं. पहिल्या पाळण्याले बाबानं धरून हलवलं. "हा उभ्या जागी डुलते, जवाईबापू. पुढं." दुसऱ्याची गादी त्यायनं तळव्यानं दाबली. "हात रुतते. हात रुतते म्हणजे नाक रुतन." दुकानदार म्हणे, काका, मऊ गादीच लोकायले आवडते. बाबा म्हणाले, "लोकायले आवडते, पण झोपणार कोण? लोक का लेकरू?" हे मात्र बाबाचं बरोबर होतं, अन् बाबाचं बरोबर असलं का मले जास्त भीती वाटते. कारण मग ते थांबत नाईत.

तिसरा पाळणा फोटोतलाच होता. बाबानं त्याची चाकं उलटी करून पाह्यली, जाळीले नाक लावून श्वास घेतला, पट्ट्या ओढल्या. मग म्हणाले, "आता वजन टाकून पाहू." दुकानदारानं कापसाचं अस्वल आणून दिलं. बाबानं त्याच्याकडं पाह्यलं, अन् पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला आमच्या घरचा वरवंटा काढला. आईच्या सासूच्या वेळचा, काळा, चटणी वाटून वाटून गुळगुळीत झालेला. हळूच पाळण्यात ठेवला. बाजूले एक बाई उभी होती, तिनं वाकून विचारलं, किती दिवसाचं आहे हो? बाबानं सांगतलं, "लय जुना आहे."

बाबानं पाळणा पुढं ढकलला, मागं ओढला, वाकडा केला. वरवंटा हलला नाई. "झोपला," बाबा म्हणाले. "हाच घ्या." ऋतिकनं घेतला.

गाडीतून पाळणा उतरला तेव्हा वरवंटा त्यातच होता, कारण तो काढाचं कोणाच्या ध्यानातच आलं नाई. मी दारात उभी होती, उचलून बाजूले ठेवाले गेली. आई मागून आली अन् माहा हात धरला.

"काढू नोको," आई म्हणाली. "रिकामा पाळणा घरात नाई ठेवत."

"रिकामा कायले? लेकरू ठेवू ना त्यात."

"बारसं झाल्याबिगर लेकरू पाळण्यात नाई ठेवत."

आता या दोन गोष्टी आमच्याकडं सगळेच पाळतात, पण वेगवेगळ्या. दोन्ही एकाच वेळी एकाच पाळण्यावर येऊन बसतीन, हे कोणाले वाटलं होतं? रिकामा ठेवाचा नाई, अन् लेकरूही ठेवाचं नाई. म्हणजे वरवंटा. मी म्हटलं, मग बारसं करून टाका. तर बारशाले नाव ठेवाले आत्या लागते. आत्या म्हणजे माही नणंद आचल, ते सावंगीले शिकून राह्यली, तिची परीक्षा होती, अन् परीक्षेची तारीख पुढं गेली होती. माह्या सासूबाईचा निरोप आला, पोरीचे पेपर झाल्याशिवाय बारसं होणार नाई. युनिव्हर्सिटीनं पेपर घेतले का माह्या लेकराले झोपाची जागा भेटणार, असं ते ठरलं.

तोवर पाळणा माह्या पलंगाले बांधला. पलंग बसका निघाला, पाळणा उंच. बाबानं पलंगाच्या पायाखाली विटा लावल्या. एक थर, मग दुसरा. मी टाके पडलेली बाई, स्टुलावर चढून पलंगावर जाऊ लागली. मग ऋतिक शनिवारी आला, पाळण्याच्या पायाचं एक बटन दाबलं, अन् पाळणा आपसूक खाली बसला. बाबा बराच वेळ त्या बटनाकडं पाहत राह्यले. मग विटा काढाले कोणालेच वेळ भेटला नाई, म्हणून पाळणा परत वर केला.

लेकरू मधातल्या खोलीत आईजवळ, चटईवर. दूध पाजाले माह्याजवळ आणे, पाजलं का घेऊन जाये. माह्या हाताजवळ, पट्ट्या बांधून, कडक सपाट गादीवर, पाठीवर झोपलेला वरवंटा.

एवढ्यावरही मी गप्प बसली असती. पण घरातल्या लोकायनं त्याचे लाड सुरू केले. आई म्हणाली, उघडा दगड बरा नाई दिसत, अन् त्याले टोपडं बांधलं. बाजूचे डोमाजीकाका लेकरू पाहाले आले, ते सरळ माह्या खोलीत. वाकले, टोपड्यावर बोट फिरवलं, म्हणाले, "रंगानं अण्णाजीवर गेला." खरं लेकरू मधातल्या खोलीत आहे म्हटल्यावर ते खजील झाले, पण आणलेलं झबलं काही त्यायनं परत घेतलं नाई. जाता जाता वरवंट्याच्या अंगावर पांघरून गेले.

बाबा तर हद्दच करत. मी जोरात बोलली का दारातून हात हलवत. "हळू. वरवंटा झोपला आहे." आधी ते चिडवाले म्हणत. मग टीव्हीचा आवाज खरंच कमी करू लागले. आई चटणी मिक्सरमधून काढे अन् चव नाई म्हणून कुरकुर करे, पण पाळण्यातून वरवंटा काढ म्हटलं का माह्याकडं अशी पाहे, जशी मी कोणाचं लेकरू उठवून मसाला वाटाले लावून राह्यली.

अन् मी काय कमी होती? मी हसो, चिडो, ऋतिकले फोनवर शिव्या घालो, पण हात माहा ऐकेना. बाजूले काही झोपलं आहे म्हटल्यावर हात तिकडंच जाये. थोपटे. टोपडं सरकलं तर नीट करे.

एक दिवस जेवण करून पडली होती. दुपारचा डोळा लागला. झोपेतच हात पाळण्यात गेला, अन् मी श्वास शोधू लागली. थंड लागलं. वरखाली काहीच होईना. मी हात तसाच दाबून धरला, अजून दाबला, काहीच नाई. मग डोळे उघडले अन् टोपडं दिसलं, अन् त्याच्या आतला दगड. पण जीव काही जाग्यावर आला नाई. मेलं म्हणून मी ज्याले धरून बसली होती तो वरवंटा होता, हे समजल्यावर तर मले जास्तच रडू आलं.

मी उतरली. स्टूल आडवं झालं. तशीच मधातल्या खोलीत गेली. आई चटईवर आडवी होती. जागीच. लेकराच्या पोटावर तिचा हात होता, बोटं पसरून, जसा मले ठेवाचा होता तसाच.

"आई, माहं लेकरू मले दे."

"भूक लागली नाई अजून त्याले."

"भुकेचं नाई सांगून राह्यली मी. मले ते माह्याजवळ पायजे. मी आता दगडाचा श्वास पाहून राह्यली होती. मी पागल होईन, आई. तुले समजून राह्यलं का?"

आईनं हात काढला नाई. माह्याकडं पाह्यलंही नाई.

"तुह्या आधी एक होता," ते म्हणाली.

मले कोणी कधी सांगतलं नव्हतं. एवढं मोठं गाव, कोणाचंच तोंड झाकून राहत नाई, पण हे मले कोणी सांगतलं नव्हतं.

"तुह्या बाबानं सागाचा पाळणा करून आणलता. लय हौस. मी म्हटलं, बारशापर्यंत कायले थांबाचं, पाहू तर खरं कसा दिसते. टाकला त्याले त्यात. हसलो आम्ही दोघं. सकाळी पाह्यलं तर थंड." लेकराच्या पोटावरचं बोट तेवढं हललं. "बारशाले बोलावलेले लोक दुसऱ्याच कामाले आले. नाव नाई ठेवलं त्याचं. मले त्याची आठवण येते, काजल, तर काय म्हणून आठवू?"

मी भांडाले आली होती. डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं, पाळण्यात टाकल्यानं कोणी मरत नाई, हे सगळं तोंडात आलं होतं. मी तिच्या बाजूले चटईवर बसली अन् रडली. ते पण रडली. लेकरू मस्त झोपून राह्यलं होतं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आई, तुहं म्हणणं मी नाई मोडत. बारसं झाल्यावरच ठेवू. पण बारसं आजच कर. आत्ता."

"आत्या नाई. तुही सासू काय म्हणन?"

दारात बाबा उभे होते. कधीपासून, माहीत नाई. त्यायनं खिशातून मोबाईल काढला अन् मले दिला. "आत्याले फोन लाव," ते म्हणाले. "सासूचं मी पाहीन."

आचल हॉस्टेलवर पुस्तक घेऊनच बसली होती. मी सगळं सांगतलं. ते म्हणाली, वहिनी, तुम्ही आधी काऊन नाई म्हटलं, मी तर आई म्हणते म्हणून थांबली होती.

चार बायका गोळा झाल्या. घुगऱ्या शिजवाले वेळ नव्हता, फुटाणे वाटले. रीत अशी का बारशाले वरवंटा पाळण्याच्या वरून द्याचा, खालून घ्याचा, अन् म्हणाचं, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. वरवंट्याले तर सवयच झाली होती पाळण्याची. पण हा पाळणा टांगलेला नाई. खाली चाकं, चाकाले दांडी, अन् बाजूले पलंग विटायवर चढलेला. बाया वरून दे, खालून घे म्हणतात, अन् खालून घ्याले कोणाचा हात पोचत नाई. शेवटी बाबा पलंगाखाली शिरले. हे बायायचं काम आहे, असं कोणीतरी म्हणालं. बाबा आतून म्हणाले, "द्या इकडं." अन् तोंडानं गोविंद गोपाळ म्हणत वरवंटा घेत राह्यले.

आत्याच्या फोनचा स्पीकर लावला अन् मोबाईल लेकराच्या कानाजवळ धरला. आचलनं "कुर्रर्र" केलं अन् नाव सांगतलं, तन्मय. रीतीनं आत्याच्या पाठीत धपाटे घालाचे असतात. आत्या फोनमधी, म्हणून बायायनं फोनलेच घातले. फोन बंद पडला.

मग मी लेकराले पाळण्यात ठेवलं. सपाट, पाठीवर, उशी नाई. पलंगावर चढली, आडवी झाली, अन् हात टाकला. पोचला.

बाया फुटाणे खात बाहेर गेल्या. आई गेली नाई. खिडकीखाली बसली होती, मांडीवर वरवंटा, टोपडं अजून तसंच बांधलेलं. ते वाकली. दगडाले कान कोठला, पण तिनं टोपडं एका बाजूनं वर केलं, तठी तोंड नेलं, अन् काहीतरी सांगतलं.

बाबा पलंगाखालून निघाले. अंगाले जाळे लागलेले. ते तिच्या बाजूले जाऊन बसले.

"काय ठेवलं?"

आईनं त्यायच्या कानात सांगतलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग आईच्या पाठीवर हळूच हात मारला, अन् अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कुर्रर्र."

काय नाव ठेवलं, ते मी विचारलं नाई. माहा हात तन्मयच्या पोटावर होता, अन् तो वरखाली होऊन राह्यला होता.