मातीखालचा भाडेकरू

प्राणिसंग्रहालयात बारकीच्या ताब्यात काचेची एक पेटी होती. बाहेर पाटी ‘वाळवंटी बेडूक’ची, आत नुसती माती. लोक वाकून बघायचे आणि हसत पुढे जायचे.

प्रमुखांना मात्र हसू येत नव्हतं. “दुपारपर्यंत बेडूक दाखव. नाहीतर ही माती बाहेर आणि सरडा आत.”

“खालीच आहे, सर. माती सुकायला लागली तसा मागच्या पायांनी उकरत उलटा खाली गेला.”

“मग काढ उकरून.”

“त्याच्याभोवतीची माती अजून दमट आहे. तो ओलावा तो कातडीतून शोषतो, मूत्राशयातही पाणी साठवून ठेवतो. माती विस्कटली की ते सगळं गेलं.”

“जिवंत असला, तर ना!”

बारकीनेही त्याला कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं. पण हे बेडूक पावसाच्या थेंबांनी जमीन हादरली की वर येतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिने समोरच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या आईला फोन लावला. “आई, मोटरची मशीन घेऊन ये.”

आई धापा टाकत आली. “काय गं, बेडकाला झबलं शिवायचंय?”

“त्याला पाऊस आलाय असं वाटायला हवं.”

“अगं, मग पाणी ओत की!”

“नुसत्या ओलाव्याने तो वर येत नाही. पाणी ओतणारच आहे, तो वर आल्यावर. आधी तो आहे हे तर कळू दे.”

मशीन पेटीच्या टेबलावर ठेवली. मोटर घरघरली, पण माती ढिम्म. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. बारकीने टेबलावर तळहात टेकवला. नुसती झिणझिण लागत होती.

“हे फार नाजूक होतंय. त्याला दणका लागतो. जाड काहीतरी शीव, सावकाश.”

आईने आपल्या कॅनव्हासच्या पिशवीचे बंद चारपदरी दुमडून सुईखाली सरकवले. ठक्. ठक्. ठक्. टेबल हादरायला लागलं.

कोपऱ्यातल्या मातीला तडा गेला. एक ढेकूळ कलंडलं आणि त्यामागून दोन गोल डोळे वर आले, भर दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसासारखे त्रासलेले. मग डोकं, मग मातीने माखलेली पाठ.

बारकी हसत-रडतच पाण्याची झारी घेऊन धावली. ती थेंब सोडायला लागली तसा बेडूक पोट टेकवून ओल्या मातीत बसला.

प्रमुख काचेला नाक लावून उभे होते. “इतके दिवस... पाण्याचा थेंब न पिता?”

“पीत होता, सर. कातडीने.”

“पेटी इथेच राहू दे,” ते म्हणाले.

आईने दोरा दाताने तोडला आणि मागे जमलेल्या लोकांकडे वळून, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मातीकडे बघून आत कोण आहे ते सांगते हो आमची बारकी! उगाच नाही शिकवली.”

बारकीने लाजून झारी तोंडासमोर धरली. पिशवीचे बंद एकमेकांना कायमचे शिवले गेले होते. आई ती तशीच काखेत मारून, ताठ मानेने दुकानात गेली.