दर वेळी नवी सुई

कंपाउंडरने उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा तोरा मिरवला: हात हलका. टोचलेलं कळायचंसुद्धा नाही. दवाखान्यात डॉक्टर नावाला, रांग लागायची ती याच्यापुढे. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात भेटेल तो दंड चोळून दाखवत हसायचा.

आता त्याच्याच मानेत गाठी आल्या होत्या. तपासण्या झाल्या आणि तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला मुलीसह समोर बसवलं.

"काका, हा लिम्फोमा आहे. गाठींचा कॅन्सर. पण तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडलाय, लिव्हर बिघडवणारा, बहुधा खूप जुना. तो पेशींना सारखा डिवचत राहतो, त्या वाढत जातात आणि एक दिवस हाताबाहेर जातात. तुमचा प्रकार संथ आहे. आधी तीन महिने विषाणूवर गोळ्या घेऊ. तो गेला की गाठीही पुष्कळदा ओसरतात."

मुलीच्या जिवात जीव आला. "पण हा आला कुठून? बाबांनी कधी कुणाचं रक्त घेतलं नाही."

"इंजेक्शनं?"

"माझी मीच घ्यायचो," कंपाउंडर छाती फुगवून म्हणाला. "सगळ्यांचं झालं की बाटलीत उरलेलं व्हिटॅमिन. वाया कशाला घालवायचं? आणि सुई दर वेळी नवी हं! त्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही."

"आणि सिरिंज?"

"सिरिंज तीच. औषध एकच, मग ती कशाला बदलायची?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, सुईतून रक्त मागे सिरिंजमध्ये येतं. डोळ्यांना दिसतही नाही. तीच पुन्हा बाटलीत बुडवली की विषाणू बाटलीतही गेला."

कंपाउंडर हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, खरं आहे. पण यानेही कधी कुणाला विचारलं नव्हतं. कौतुक ऐकण्यातून सवड मिळेल तर ना!

"घरात कुणाला टोचायचात? त्यांनाही तपासावं लागेल."

"मी सुईला घाबरून पळून जायचे," मुलगी म्हणाली. मग थांबली. "आई नाही पळायची."

दर शनिवारी, अशक्तपणासाठी, सगळ्यांच्या शेवटी. नऊ वर्षांपूर्वी ती लिव्हर निकामी होऊन गेली. दारूच्या थेंबालाही न शिवलेली बाई, पण नातेवाईक कुजबुजायचे ते कुजबुजलेच. मुलगी एकेकाशी भांडली होती. कंपाउंडरने मात्र बायकोच्या आजारपणात एका दुपारी, ती झोपली असताना, तिचं कपाट उघडून साड्यांच्या घड्या हुंगून पाहिल्या होत्या.

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"सुई नवी होती गं," तो म्हणाला.