कातडी धुणारा कालवा

मित्रांनो, मी एक जुना कालवा आहे. नाक दाबू नका, आधी माझे ऐकून तरी घ्या. ही दुर्गंधी माझी नाही.

कुदळ-फावड्यांनी मला खणले, ते शेतांसाठी. पण माझ्या काठी कातडी कमावणारे येऊन राहिले आणि मी त्यांचाच होऊन गेलो. कच्च्या कातड्यांना वाहते पाणी लागते. त्यांचे मीठ, रक्त, माती मी धुऊन काढायचो. मग ती चुन्याच्या हौदात पडायची आणि केस खरवडून झाले की पुन्हा माझ्याकडे यायची. त्यानंतर झाडाच्या सालीच्या पाण्यात ती महिनेच्या महिने मुरत. ती साल होडीतून मीच आणायचो आणि तयार चामडे बाजाराला मीच पोचवायचो. आसपासच्या कितीतरी गावांच्या चुली माझ्या जिवावर पेटत. फुशारकी मारत नाही, खरे तेच सांगतो.

काठावरचे सर्वांत मोठे हौद थोरल्या मालकांचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण नियमाचा पक्का. वापरलेला चुना माझ्यात ओतायचा नाही, दूर खड्ड्यात जिरवायचा. कुणी आळस केला की म्हणायचे, "ज्या ताटात जेवतोस त्यातच थुंकतोस काय रे?" त्यांच्या मालकीणबाई कातडी धुण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांवरून घरच्या पिण्याचे पाणी भरत. त्यांचा मुलगा माझ्यातच पोहायला शिकला. किती वेळा गटांगळ्या खाल्ल्या पठ्ठ्याने, पण मी त्याला बुडू दिले नाही.

थोरले मालक गेले. मुलाने झटपट कातडी कमावणारी रसायने आणली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. आता खड्डे कोण खणत बसणार? त्याने कारखान्याचा पाइप सरळ माझ्यात सोडला. पाणी हिरवट-काळे झाले, मासे मरून तरंगले. मला वाटायचे, आज ना उद्या याला लाज वाटेल. कसली लाज अन् कसले काय!

लोकांनी ओरड केली तेव्हा एक साहेब पाहणीला आले. सगळे पुलावर जमले. ठरायचे एवढेच होते: पाइप बंद करायचा की मला बुजवायचे.

"कालवाच सडलाय, साहेब," मुलगा म्हणाला. "पाण्यासाठी आम्ही बोअर घेतलीय. हा बुजवून टाका, वरून रस्ता काढू. गाड्या थेट कारखान्यापर्यंत येतील."

साहेबांनी म्हाताऱ्या मालकीणबाईंना विचारले, "आजी, तुम्ही इथल्या जुन्या. हे पाणी आधीपासूनच असं होतं का?"

मी कानात प्राण आणून ऐकत होतो. बाईंनी वाकून माझ्याकडे पाहिले. मग मुलाकडे पाहिले.

"हो, आधीपासूनच," त्या म्हणाल्या.

मुलाचे एक वेळ मी सोसले असते. पण या बाई जन्मभर माझेच पाणी प्यायल्या होत्या! तोंडावर खोटे बोलल्या आणि मुलाचा हात धरून घरी गेल्या. त्या दिवसासारखे मला कधीच कुणी फसवले नव्हते.

आता वरच्या अंगाने भराव टाकत लोक येत आहेत. अर्धा तर मी बुजलोच आहे. मी काही आता वाचत नाही. पण मित्रांनो, तुमच्याही गावात एखादा ओढा असेल, तळे असेल. त्याला घाणेरडे म्हणण्याआधी काठाकाठाने जरा चालत जा, घाण कुठून येते ते बघा. आणि उद्या कुणी विचारलेच, तर पाहिले तेच सांगा. समोर आपलेच माणूस उभे असले, तरी सांगा.