एक दिवस कमी

सोमवारी सकाळी साडेसात वाजता माझ्या बेंबीतून निघालेली नाळ स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेली होती. दुखत नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून आधी जाडी मोजली. दीड सेंटीमीटर. दोन धमन्या, एक शीर, सगळं जागच्या जागी. ठोके मिनिटाला एकशे पंचेचाळीस, म्हणजे ते माझे नव्हते. नियमाने नाळ गर्भाशयातल्या वारेला जोडलेली असते, आईच्या बेंबीला नाही. पण वार सहा वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे नाळेला दुसरी जागा उरली नसावी. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. जोरात नाही, लहान मूल ओढणीचं टोक ओढतं तसं.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, घावन उलटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"पोर न्यायला आलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"आज कयामत आहे का?"

"कसली कयामत? आत्ता दूधवाला येऊन गेला."

जे मूल जन्माआधीच जातं, ते कयामतच्या दिवशी आईबापासाठी रबाशी हुज्जत घालतं आणि दोघांना नाळेने ओढत जन्नतमध्ये नेतं, ही पैगंबरांच्या नावाने सांगितली जाणारी रिवायत अम्मींनीच मला तेव्हा दवाखान्यात सांगितली होती. सब्र करणाऱ्या आईलाच, असंही म्हणाल्या होत्या.

"मी सब्र केलं नव्हतं," मी म्हणाले. "तीन बशा फोडल्या होत्या."

"पाच. दोन मी परसात पुरल्या."

"मग चालेल का?"

"मला काय विचारतेस? ओढणाऱ्याला विचार."

माझा दीर तौसीफ ब्रश तोंडात धरून बाहेर आला. त्याने चूळ भरली आणि नाळ नीट पाहिली.

"भाभी, त्या रिवायतीची सनद कमजोर आहे, कुणी कुणाकडून ऐकली ती साखळी नीट जुळत नाही, असं बरेच आलिम म्हणतात."

"सनदेचं मला कळत नाही. तू ही ओढून बघ."

त्याने ओढून पाहिली. पलीकडून उत्तर आल्यासारखा झटका आला आणि तो दोन पावलं पुढे गेला.

मला सनदेची काळजी नव्हतीच. डॉक्टरांच्या मोजणीने तेव्हा एकोणीस आठवडे झाले होते. गर्भ राहिल्यापासून मोजले तर एकशे एकोणीस दिवस. रूह एकशे विसाव्या दिवशी फुंकली जाते, असं आमच्याकडे मानतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा नवरा मकबूल एवढंच म्हणाला होता, "एक दिवस कमी." म्हणून जनाजा झाला नाही. पांढऱ्या कापडाची लहानशी घडी घेऊन तो एकटाच गेला आणि हात धुऊन परत आला. त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोललो नव्हतो. पलीकडे कुणी आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि कुणी असेल, तर मकबूल येईल का.

मी चपला घातल्या. अम्मींनी मागून माझी कंबर धरली.

"तुमचे गुडघे?"

"ओढणारं पोर आहे. गुडघ्यांचं काम काय?"

चालताना मी मोजत होते. मी एक पाऊल टाकलं की नाळ दीड पाऊल आखडत होती. आमची आळीही तेवढीच अरुंद होत होती. रिक्षा आधीच मागे राहिल्या, मग सायकली, आणि आता माझे दोन्ही खांदे भिंतींना लागू लागले होते. शेजारच्या जुलेखाखालांनी अम्मींचा दुपट्टा धरला. कुठे चाललोय हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मागे तौसीफ होता.

"जरा दर्ग्यावरून घे गं," अम्मी म्हणाल्या. "पीरबाबांच्या कानावर घालते. ते पुढे बोलून ठेवतील."

"अम्मी, मागायचं तर थेट अल्लाहकडे मागा," तौसीफ मागून ओरडला. "त्याला मध्ये कुणी लागत नाही."

"त्याला नसेल लागत. मला लागतं. मला लाज वाटते."

"लाज कसली?"

"तू नोकरीसाठी मामूंना घेऊन साहेबाकडे गेलास ना? ती!"

जुलेखाखाला इतक्या हसल्या की रांग डगमगली. दर्ग्याकडे वळायची वाट आता वीतभर उरली होती. अम्मींनी तिथूनच सलाम केला.

नाळ मकबूलच्या टाइल्सच्या दुकानात शिरली होती आणि मागच्या दारातून पुढे गेली होती. मकबूल एका टाइलवर पेन्सिलने रेघ मारत होता. त्याने मान वर केली.

"हे काय?"

"नाळ."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. दोन बोटं नाळेवर टेकवून तो मोजत राहिला. पूर्ण मिनिटभर त्याचे ओठ हलत होते.

"एक दिवस कमी होता," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणालो होतो. मला शिकवलं तसं म्हणालो." मग तो टाइलकडे बघत म्हणाला, "नाव मात्र ठेवलं होतं."

"काय?" आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

"फरहत. मुलगा की मुलगी ते मी पाहिलं नाही. दोघांनाही चालतं."

नाळेला असा हिसका बसला की जुलेखाखाला टाइल्सच्या खोक्यांवर जाऊन बसल्या.

"ऐकू आलं," अम्मी म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलं?" मी मकबूलला विचारलं.

"तू म्हणाली असतीस, मग दिवस कशाला मोजलेत?"

"म्हणालेच असते."

"म्हणून." त्याने माझं मनगट धरलं. दुकान उघडंच राहिलं.

मागच्या दारापलीकडे एरवी आठ फुटांची कोठी आहे. आज तिथे बोळ होता आणि तो संपत नव्हता. रुंदी साठ सेंटीमीटर, मग पंचेचाळीस, मग तीस. आम्ही आडवे होऊन सरकत होतो. भिंती कोमट होत्या. ठोके आता हात न लावताही ऐकू येत होते.

"अल्लाहच्या परवानगीशिवाय कुणी कुणासाठी शब्द टाकू शकत नाही," शेवटून तौसीफचा आवाज आला. "अम्मी, कुणी पडू नये म्हणून मी रांग धरलीय, एवढंच."

"मग परवानगी मिळाली असेल," अम्मी म्हणाल्या.

तौसीफने विचार केला. "असेल," तो म्हणाला, आणि दुसराही हात लावला.

नाळ वीतभर उरली तेव्हा बोळाच्या टोकाला लाकडी दार दिसलं. माझ्या गुडघ्याएवढं, थोडंसं उघडं. आत कुणीतरी बारीक आवाजात, श्वासही न घेता, कुणाशी तरी हुज्जत घालत होतं. शब्द लागत नव्हते. माझं नाव दोनदा आलं, मकबूलचं एकदा, आणि मागच्यांची नावं विचारून विचारून घेतल्यासारखी. मग आवाज थांबला. पलीकडून कुणीच काही बोललं नाही. मकबूलची पकड घट्ट झाली.

मी वाकून फटीतून पाहिलं. चौकटीच्या खालच्या लाकडाला एक टाच रोवलेली होती, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, जोर लावून पांढरी पडलेली. ती घसरली. पुन्हा रोवली गेली. मग तिच्या शेजारी दुसरी.